शब्दचर्चा: पान संयुक्त, फूलही संयुक्त?

पाटीवाला:
एका बागेसाठी झाडांच्या पाट्या मराठीत करून देतोय. वीसेक झाल्या, झेंडूपाशी अडलोय. मूळ इंग्रजीत एकाच ओळीत पान 'कंपाउंड' आणि फूल 'कंपोझिट' आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत दोन्ही संयुक्तच. तसं लिहिलं की वाचणारा म्हणणार, बरं, दोघांचं सारखंच. पण सारखं कुठाय? दसऱ्याच्या तोरणातला एक सुकलेला झेंडू काल उसवून बघितला. जिला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाला काळं, बारीक काडीसारखं बी. म्हणजे पाकळी पाकळी हे आख्खं फूलच, आणि अशी कितीतरी एका देठावर कोंबलेली. पान उलट, एकच, पण पिसासारखं चिरलेलं. एक म्हणजे एकाचे अनेक, दुसरं अनेकांचं एक. मला दोन वेगळी विशेषणं हवीत. आणि आखूड, पाटी जेमतेम वीतभर आहे.

सोवळं_व्याकरण:
'संयुक्त पर्ण' हा रूढ शब्द आहे, त्याला हात लावू नये. फुलास 'स्तबक', म्हणजे गुच्छ, म्हणावे. प्रश्न मिटला.

पाटीवाला:
स्तबक हे नाम झालं हो. आणि बागेत येणारी मंडळी भेळ खात खात पाटी वाचणार.

हाफसंस्कृत:
त्या बिचाऱ्या 'संयुक्त'वर किती ओझं टाकायचं? संयुक्त राष्ट्रं, संयुक्त महाराष्ट्र, बँकेतलं संयुक्त खातं, शिवाय 4, 6, 8, 9 या संयुक्त संख्या. आमच्या दहावीत तर 'संयुक्त' म्हणजे 50 मार्कांचं हिंदी नि 50 चं संस्कृत. 100 वाले आम्हाला 'हाफ' म्हणून चिडवायचे. नावावरून कळलं असेलच.

खलबत्ता:
घोळ याहून मोठा आहे. व्याकरणात कंपाउंड वाक्य संयुक्त, कॉम्प्लेक्स वाक्य मिश्र. गणितात कंपोझिट संख्या संयुक्त, कॉम्प्लेक्स संख्या संमिश्र. रसायनात कंपाउंड म्हणजे संयुग, आणि तिथे चुकून मिश्रण म्हणालात तर मास्तर पट्टी उगारणार. व्याजाला लावा, चक्रवाढ झालं. हाडाला लावा, हाड कातडी फोडून बाहेर.

इंग्रजीत तरी काय, कंपाउंड आणि कंपोझिट एकाच आईची लेकरं. लॅटिन 'कोंपोनेरे', एकत्र ठेवणे. घराणं वेगळं आहे ते कॉम्प्लेक्सचं. त्याच्या पोटात 'प्लेक्तेरे', म्हणजे विणणे, पेड घालणे. त्याला आपला 'बहुपेडी' इतका फिट्ट बसतो, तरी समीक्षकांनी 'व्यामिश्र' कशाला आणला देव जाणे.

सोवळं_व्याकरण:
व्यामिश्र गीतेत आहे. अध्याय 3, श्लोक 2.

खलबत्ता:
आहे ना. पण तिथे अर्जुन तक्रार करतोय! 'व्यामिश्रेणेव वाक्येन', तुझ्या या असल्या बोलण्याने माझी बुद्धी चक्रावलीय म्हणून. आपल्याकडे तीच तक्रार कवितेचं कौतुक होऊन बसली.

माजघर:
मग घराभोवतीचं कंपाउंड? तेही एकत्र ठेवलेल्या विटा म्हणून?

खलबत्ता:
नाही, ताई, तो पाहुणा निराळा. बहुतेक कोशकार त्याला मलाय भाषेतल्या 'कांपुंग'शी जोडतात, म्हणजे वाडी, वस्ती. इंग्रजीत शिरताना ओळखीच्या शब्दाचं रूप घेऊन बसला. तिथे अजून आवार असाच अर्थ आहे. 'कंपाउंडवरून उडी मारली' म्हणणारे आपण, आपण भिंतीलाच कंपाउंड करून टाकलं.

माजघर:
माझे आजोबा तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आम्हाला वाटायचं, कंपाउंडच्या दाराशी बसतात म्हणून कंपाउंडर. काम मात्र जोडणीचंच. मोठ्या बाटल्यांतून मापून मापून लाल मिक्श्चर करायचं आणि पेशंटने घरून आणलेल्या बाटलीत भरायचं. मग कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, घडीवर घडी घालायची आणि कडेला कात्रीने एकच तिरका काप. पट्टी उलगडली की सारख्या अंतरावर खाचा. खळ लावून ती बाटलीच्या अंगावर उभी चिकटवायची. एक खाच, एक डोस. ज्यांना वाचता येत नसे तेही औषध बरोबर घ्यायचे.

हाफसंस्कृत:
वा! कंपाउंडरला मराठीत काय म्हणावं मग?

सोवळं_व्याकरण:
औषधसंयोजक.

माजघर:
आजोबांना अशी हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं.

इंदूरकर:
मूळ प्रश्नावर येतो. 'संकीर्ण' सुचवणार होतो, पण आवरलं. मराठीत अंकाच्या शेवटी, कुठेच न बसलेलं जे असतं ते संकीर्ण. आमच्या इंदूरला हिंदीत त्याचा अर्थ संकुचित. झेंडू इतक्या कोत्या मनाचा कसा, असं लोक विचारतील.

गोंडेवाली:
आमच्या गावी, कोकणात, झेंडूला गोंडाच म्हणतात. फूल 'गोंडेदार' लिहा की! शेवंतीला चालेल, एकदांडीलाही चालेल.

सोवळं_व्याकरण:
गोंडा टोपीला असतो.

गोंडेवाली:
टोपीच्या गोंड्यात तरी काय असतं? सुटे धागे, एका ठिकाणी बांधलेले. मी तेच सांगतेय.

खलबत्ता:
सूर्यफूल? तो गोंडा नव्हे, परात आहे.

गोंडेवाली:
परातीचं तुम्ही बघा. पानाचं सांगते. बेलाची तीन पानं दिसतात, पण गुरव मोजताना एकच मोजतो, आणि त्या तिघांना दळं म्हणतो. त्रिदळ. एखादं दळ गळालेलं असलं की आजी ते पान बाजूला काढायची, 'हे भंगलं' म्हणून. दोन उरलीत ना, असा हिशोब तिच्याकडे नव्हता. कडुनिंबाचंही तसंच, झेंडूचंही. पान 'बहुदळी' म्हणा.

सोवळं_व्याकरण:
एकदल आणि द्विदल हे बीजावरून ठरते. बहुदली म्हटल्यास विद्यार्थ्यांचा गोंधळ होईल. द्विदल म्हणजे हरभरा, तूर.

खलबत्ता:
आजोबा, 'डाळ' तरी कुठून आली? 'दल्' म्हणजे फुटणे, दुभंगणे. एकाचे अनेक! पाटीवाल्यांना पानासाठी नेमकं हेच हवं होतं.

सोवळं_व्याकरण:
व्युत्पत्तीवर पाट्या लिहीत नाहीत.

पाटीवाला:
सकाळी छापायला द्यायचंय. सध्या असं लिहिलंय: 'पान अनेक दळांचं. फूल म्हणजे बारक्या फुलांचा गोंडा.' विशेषण एकही जमलं नाही, आणि ओळ पाटीच्या बाहेर जातेय ती जातेच आहे.

सोवळं_व्याकरण:
'दळांचं' नव्हे, 'दलांचे'.

माजघर:
त्या बाटलीवरच्या पट्टीला काही खास शब्द होता का हो? आजोबा नुसतं 'पट्टी काप' म्हणायचे.