राव्हेलचा पियानो म्हणजे देब्युसीची नक्कल, हे खरं का?

गोदाकाठ:
चार वर्षांपासून नाशिकमध्ये पियानो शिकतोय. वय 41. घरी 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. गेल्या महिन्यात मोरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचं ‘ज्यो दो’, म्हणजे ‘पाण्याचे खेळ’, पहिल्यांदा ऐकलं आणि त्यानंतर तीन रात्री दुसरं काही लावलंच नाही. मोठ्या उत्साहाने सरांना सांगितलं. ते म्हणाले, “हे सगळं मूळ देब्युसीचं. राव्हेलने उचललं. तेव्हाच्या समीक्षकांनीही तेच लिहिलंय.” (देब्युसी हाही त्याच काळातला फ्रेंच संगीतकार.) हे मनाला फार लागलं. समीक्षकांनी खरंच असं लिहिलं होतं का? आणि लिहिलं असेल तर ते बरोबर होतं का? कोणी नीट अभ्यास केला असेल तर सविस्तर सांगा, मी सगळं वाचेन.

पट्टी-पेडल:
मी वसईची. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मी स्वतः 31 वर्षं पियानो शिकवतेय आणि त्यातली निम्मी वर्षं राव्हेलपायी गेली आहेत. तुमच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. समीक्षकांनी लिहिलं होतं, पण तारखा त्यांच्या बाजूने नाहीत.

‘ज्यो दो’ 1901 मध्ये लिहून झालं. 5 एप्रिल 1902 रोजी पॅरिसमध्ये सोसिएते नास्योनाल या संगीत संस्थेच्या मैफलीत रिकार्दो विन्येसने ते पहिल्यांदा वाजवलं. विन्येस हा राव्हेलचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांचा जन्म 1875 चा. त्याच मैफलीत राव्हेलची ‘पावान’ ही रचनाही वाजली. ती सोपी, गोड, चटकन कानात बसणारी, म्हणून लोकांना तीच आवडली. दहा वर्षांनी खुद्द राव्हेलने तिच्यात शाब्रिए या संगीतकाराची छाप फार आहे आणि बांधणी कच्ची आहे असं लिहिलं. ‘ज्यो दो’ मात्र बऱ्याच जणांना पचलं नाही. ज्येष्ठ संगीतकार सॅं-साँसने त्याला कर्कश गोंगाट म्हटलं असं सांगतात.

कारण कळायला पियानोवर बसा. रचना ‘ई’ मेजरची आहे, म्हणजे ‘ई’ला सा धरा. पहिल्याच मात्रेपासून शुद्ध नी सुरावटीत मिसळलेला आहे. आपला कान वाट बघतो की हा नी आता सावर जाईल. तो जात नाही. शेवटच्या सुरावटीतही नी तसाच तरंगत राहतो आणि रचना तिथेच संपते. ज्यांना जन्मभर शिकवलं गेलं की बेसूर स्वराला सुरात आणून सोडायचं, त्यांना हे अर्धवट टाकलेलं वाक्य वाटलं असणार. मला ते उन्हातल्या पाण्यासारखं वाटतं, कुठेही न टेकणारं. मधे काळ्या पट्ट्यांवरून बोट घसरत खाली येतं आणि पियानोचा अगदी तळाचा स्वर लागतो. माझ्या जुन्या पियानोवर पावसाळ्यात ती पट्टी फुगून अडकते, म्हणून हा भाग मी जून ते सप्टेंबर शिकवतच नाही.

आता नकलेचं. जानेवारी 1906 मध्ये विन्येसने राव्हेलच्या ‘मिर्वार’ (आरसे) या पाच रचना वाजवल्या. ‘ल तां’ या वर्तमानपत्राचा समीक्षक पिएर लालो याने पियानो लेखनाच्या या नव्या ढंगाचं श्रेय देब्युसीला दिलं. राव्हेल गप्प बसला नाही. त्याने लालोला पत्र लिहिलं: ‘ज्यो दो’ आलं तेव्हा देब्युसीच्या फक्त ‘पूर ल पियानो’ या तीन रचना होत्या. त्या मला मनापासून आवडतात, पण निव्वळ पियानोच्या दृष्टीने त्यांत खरं नवं काही नव्हतं. लालोने हे पत्र 1907 मध्ये छापलं.

आता बघा, देब्युसीचे ‘एस्तांप’ 1903 चे. पाण्यावरची त्याची प्रसिद्ध रचना, ‘पाण्यातली प्रतिबिंबं’, 1905 ची. आणि या दोघांच्याही रचना पहिल्यांदा लोकांसमोर आणणारा तोच विन्येस!

लालोला मात्र मी खलनायक करणार नाही. 1905 मध्ये तिसाव्या वर्षी राव्हेल ‘प्री द रोम’ या सरकारी स्पर्धेला शेवटचा बसला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. अंतिम फेरीतले सगळे स्पर्धक परीक्षक मंडळातल्या एकाच प्राध्यापकाचे, लनव्होचे, विद्यार्थी निघाले. केवढा गदारोळ झाला! तेव्हा राव्हेलचं संगीत न आवडणाऱ्या लालोनेही हा अन्याय आहे असं स्पष्ट लिहिलं. त्या प्रकरणात कॉन्झर्व्हेटरीचा, म्हणजे पॅरिसच्या संगीत विद्यालयाचा, प्रमुख द्युब्वा पायउतार झाला आणि त्याच्या जागी राव्हेलचे गुरू गाब्रिएल फोरे आले. ‘ज्यो दो’ फोरेंनाच अर्पण केलेलं आहे.

तंबोरा-खर्ज:
ताई, सगळं पटलं, पण एक भर घालतो. पाण्याचा हा खेळ राव्हेलनेही शून्यातून काढलेला नाही. आधीच्या पिढीतल्या लिस्ट या संगीतकाराने 1877 मध्ये ‘व्हिला देस्तेची कारंजी’ लिहिलं. ते आधी ऐका, मग ‘ज्यो दो’ ऐका. नातं लपत नाही. शिवाय राव्हेल आणि देब्युसी दोघेही एकाच शहरात, एकाच वातावरणात काम करत होते. मग कोणी कोणाचं घेतलं हा हिशेब मांडायचाच कशाला?

पट्टी-पेडल:
लिस्टचं अगदी मान्य. मूळ फ्रेंच नावातच ते ऋण उघड आहे. पण हिशेब मांडावा लागतो, कारण तो एकाच बाजूने मांडला गेला. राव्हेलने 1895 मध्ये दोन पियानोंसाठी एक ‘हाबानेरा’ (स्पॅनिश ढंगाच्या नाचाच्या तालावरची रचना) लिहिली होती. 1898 मध्ये ती ‘सीत ओरिक्युलेर’ या जोडरचनेत वाजली. जोडीच्या दुसऱ्या रचनेत दोन्ही वादकांनी आळीपाळीने घ्यायचे स्वर एकदम घेतले आणि सगळा घोळ झाला. देब्युसीला मात्र ‘हाबानेरा’ आवडली आणि त्याने ती वही मागून नेली. पुढे 1903 मध्ये त्याची ‘ग्रनाडमधली संध्याकाळ’ आली तेव्हा साम्य लोकांच्या लक्षात आलं. राव्हेलने ‘हाबानेरा’ पुढे आपल्या ‘स्पॅनिश रॅप्सोडी’त घेतली आणि छापताना तिच्यावर 1895 हे साल मुद्दाम घातलं. ते छोटंसं साल पानावर दिसलं की मला त्या माणसाची तगमग कळते.

गोदाकाठ, तुम्ही आता 1911 ची मैफल वाचाच. सोसिएते नास्योनालने राव्हेलचा शिष्य मोरिस दलाज याची रचना नाकारली होती. (हा दलाज नंतर भारतात येऊन गेला आणि त्याने मद्रास, लाहोर, बनारस आणि जयपूर या नावांची चार गीतं लिहिली.) राव्हेल आणि मित्रांनी वेगळी संस्था काढली. 9 मे 1911 रोजी तिच्या मैफलीत संगीतकारांची नावंच जाहीर केली नाहीत. कोणती रचना कोणाची हे श्रोत्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. लुई ओबेरने राव्हेलचे आठ वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाच्या तालावरच्या रचना), ‘व्हाल्स नोब्ल ए सांतिमांताल’, वाजवले. नाव शूबर्ट या जुन्या संगीतकाराच्या वॉल्ट्झवरून घेतलेलं, पण सुरुवातीचे स्वरसमूह एकमेकांना घासणारे. लोकांनी हुर्यो उडवली. राव्हेल तिथेच बसला होता. शेजारच्या मित्रांनीही ओळखलं नाही आणि तेही टर उडवत होते. तो काही बोलला नाही. कोणी सातीचं नाव लिहिलं, कोणी कोदाईचं. थोड्याशाच बहुमताने राव्हेलचं नाव आलं. म्हणजे पाच वर्षांपूर्वी देब्युसीची छाया म्हणून ज्याला ओळखायचे, त्याची रचना नाव काढून समोर ठेवल्यावर जाणकारांचाही गोंधळ उडाला. समीक्षा कानाने होते की नावाने, याचा इतका चोख पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

गोदाकाठ:
ताई, काय बोलू! काल वडिलांना ‘ज्यो दो’ ऐकवलं. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, वय 72. मुद्दाम कोणाचं ते सांगितलं नाही. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “नीवरच सोडलं की रे. पुन्हा लाव.” मी वॉल्ट्झपैकी काही शिकायला घेऊ शकतो का? चार वर्षांच्या तयारीवर?

पट्टी-पेडल:
पहिला नको, त्याचा वेग आणि उड्या मनगट मोडतील. दुसरा घ्या. संथ आहे आणि ‘उत्कट भावनेने’ अशी सूचना वरच लिहिलेली आहे. पंधरा दिवस पेडलशिवाय वाजवा. घासणारे स्वर झाकायची घाई करू नका, ते ऐकू येऊ द्या. अडलात तर इथेच विचारा. आणि वडिलांना शेजारी बसवा.