ख्रिसमस एल: लवंग खरंच घालतात, की यीस्टची करामत?

कॉलेजरोड_केतकी
माझी नणंद बेल्जियममध्ये असते. डिसेंबरात नाशिकला आली तेव्हा 'गाउडन कॅरोलस ख्रिसमस'च्या दोन छोट्या बाटल्या घेऊन आली. मेखेलेन गावच्या हेट आंकर ब्रुअरीची एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, अल्कोहोल १०.५ टक्के. एक बाटली आम्ही तिघांनी वाटून घेतली.

रंग काळपट तांबडा, फेस जाडसर बदामी. नाकाला आधी काकवी लागली, मग लवंग, ज्येष्ठमध आणि त्यामागून चक्क पिकलेलं केळं. घोट घेतला की सुरुवातीला खजूर-मनुकांचा गोडवा, मध्येच संत्र्याच्या सालीसारखं कडवट काहीतरी, आणि गिळल्यावर छातीपर्यंत ऊब. नवरा म्हणाला, खोकल्याचं औषध आहे. मला मात्र जाम आवडली.

आता विचारायचं असं, की हे सगळे मसाले घातलेले असतात का? आणि केळं कुठून आलं? शिवाय दुसरी बाटली पुढच्या नाताळपर्यंत ठेवली तर टिकेल का?

जेलरोडचा_बंड्या
१०.५ टक्के?? आपली स्ट्राँग ८ वर थांबते राव. तिघांत एक म्हणजे शहाणपणच केलंत.

सेलरवाला
केतकीताई, मी गंगापूरकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे नाक खुपसायचा थोडा हक्क आहे.

मसाले घालतात. सहा वनस्पती-मसाले आणि तीन जातींचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), असं ब्रुअरीच सांगते. पण तुम्हाला लागलेली लवंग सगळी त्यांतलीच असेल असं धरू नका. जवात फेरुलिक आम्ल असतं. यीस्टच्या काही जाती आंबवताना त्याचं ४-व्हायनिल ग्वायकॉल करतात आणि त्याला लवंगेचा वास येतो. बेल्जियन एलच्या बऱ्याच यीस्टना ही खोड आहे. केळं म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट, तेही यीस्टचंच काम. पुरावा हवा असेल तर बव्हेरियाची गव्हाची बिअर प्या. तिच्यात मसाल्याचा कण नसतो, तरी लवंग आणि केळं दोन्ही हजर. गंमत अशी, की हाच लवंगी वास आमच्या व्हाइट वाइनमध्ये जास्त झाला तर आम्ही तो दोष मानतो. बिअरवाले त्याचेच पैसे घेतात!

काकवी आणि खजूर हे बहुतेक गडद माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं देणं. बेल्जियममध्ये अशा कडक एलमध्ये साखरही वापरतात. साखर जवळजवळ पूर्ण आंबते, म्हणून अल्कोहोल चढतं पण बिअर पाकासारखी चिकट होत नाही. गोड लागूनही दुसरा घोट घ्यावासा वाटतो तो त्यामुळेच. ज्येष्ठमधाबद्दल मी छातीठोक काही बोलणार नाही. भाजलेला माल्ट आणि मसाला एकत्र आले की नाक असे खेळ करतं.

मसाल्याची चव जीभेवर स्पष्ट पकडायची असेल तर बेल्जियमच्याच आर्देन भागातली 'नाइस शूफ' ही एल मिळवा. तिच्यात थाइम ही सुगंधी वनस्पती आणि कुरासाओ संत्र्याची साल घालतात. थाइममधलं थायमॉल आपल्या ओव्यातही असतं, त्यामुळे मराठी नाकाला ती लगेच ओळखीची वाटते.

बंड्या, हिशोब सांगतो. ३३० मिलिलिटरमध्ये साडेदहा टक्के म्हणजे सुमारे ३५ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० चा पेग धरला तर २६ च्या आत. म्हणजे ही छोटी बाटली सव्वा पेगाहून जास्त झाली. पण तुझी ६५० ची स्ट्राँग ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ५२ मिली असतं. तेव्हा शहाणपण कोणी कोणाला शिकवायचं ते बघ.

आता बाटलीचं. अल्कोहोल भरपूर आहे, तेव्हा वर्षभरात खराब होणार नाही. पण मसाल्याचा ताजेपणा उतरेल आणि मनुका, शेरी वाइनसारखी चव चढेल. मला स्वतःला ताजीच आवडते. ठेवायचीच तर उभी ठेवा, तळाशी यीस्ट बसतं. आडवी ठेवायची सवय कॉर्कच्या वाइनची. आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत कपाटात ठेवू नका, सरळ फ्रिजमध्ये. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. दहा-बारा अंशांना वास मोकळा होतो, बर्फगार प्यायलात तर नुसता गोडवा आणि अल्कोहोल कळेल. ग्लास वाइनचाच घ्या. नाशकात तो प्रत्येक घरी निघतोच.

शरणपूरकरीण
आमच्याकडे नाताळच्या फराळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि केक असतोच. अशी बिअर शंकरपाळ्याबरोबर छान जाईल, पण चिवड्यापासून लांब ठेवा. हिरव्या मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोलची धग एकमेकांना चढवतात. सेलरवालेदादा, तुमचं मत काय?

सेलरवाला
बरोबर, ताई. तिखट नकोच. माझं मत गुळपोळी. जायफळ, तीळ आणि गूळ, वर साजूक तूप. तूप चव गोल करतं आणि कडवटपणा मागे सरतो. जुनं, कडक गौडा चीजही चालेल. पुरणपोळीचा मोह होईल, पण डाळीची गोड चव या एलपुढे दबते, माझ्या मते.

जेलरोडचा_बंड्या
आमच्याकडे बेल्जियन कुठली! शिराझ रेड वाइन गरम करून त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल टाकली तर चालेल का?

सेलरवाला
चालेल, पण उकळू नकोस. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तुझं भांडं बुडबुडे काढायला लागलं की अल्कोहोल हवेत. वाफ दिसली की गॅस बंद. आणि भारीतली बाटली वापरू नकोस, आम्हाला वाईट वाटतं.

कॉलेजरोड_केतकी
म्हणजे पुढच्या नाताळची वाट बघत नाही. संक्रांतीला गुळपोळ्या होतीलच, तेव्हाच उघडते. यीस्टचा गाळ ग्लासात घ्यायचा की तळाशीच सोडायचा?

सेलरवाला
पहिला ग्लास सावकाश ओता, गाळाशिवाय. उरलेलं हलवून दुसऱ्यात. दोन्ही चाखा आणि इथे सांगा.