कार्बन टॅक्स लावल्याशिवाय तेल सुटणार नाही, पटतंय का?

दुर्बीण:
गेले काही दिवस यावर बरंच वाचतोय आणि मत पक्कं होत चाललंय म्हणून विषय काढतोय. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याची किंमत कुणीतरी कुठेतरी मोजतंच, दुष्काळात, पुरात, फक्त जाळणारा मोजत नाही. ज्याच्या धंद्याचा त्रास दुसऱ्याला होतो त्याच्यावर तेवढा कर लावा, हे पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच मांडलं होतं. स्वीडनने १९९१ ला असा कार्बन टॅक्स लावला, आता तो कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे १०० युरोच्या वर आहे, उत्सर्जन १९९० पेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी आणि अर्थव्यवस्था वाढलेली. मग बाकीचे कशाची वाट बघतायत?

नदीकाठ:
स्वीडन नेहमी येतं पण तिथे नेमकं काय कमी झालं ते कुणी सांगत नाही. घरं तापवायचं तेल गेलं, कारण गावोगावी पाइपने गरम पाणी पुरवायची सोय आधीच होती, तिथे तेलाऐवजी लाकूडफाटा आणि कचरा जाळायला लागले. वीज तर आधीपासूनच धरणांची आणि अणुभट्ट्यांची. गाड्यांचं तेल तसं पटकन सुटलं नाही. हिशेब करून बघा, टनाला ५० डॉलर टॅक्स म्हणजे लिटरमागे साडेअकरा सेंट. कच्चं तेल पिंपामागे १८ डॉलरने चढलं तरी तेवढाच फरक पडतो आणि असे चढउतार आपण कितीदा बघितलेत, लोकांनी गाड्या सोडल्या का?

दुर्बीण:
तेल चढलं की लोक ते उतरायची वाट बघतात, टॅक्स मात्र दर वर्षी वाढणारच हे माहीत असेल तर पुढची गाडी घेताना माणूस विचार करतो, फरक तिथे आहे. आणि फक्त गाडीवाले कशाला धरता, कंपन्याही हलतात की. नॉर्वेने समुद्रातल्या तेल-गॅसवर १९९१ लाच टॅक्स लावला, तर तिथल्या स्लाइपनर या समुद्रातल्या गॅसक्षेत्रात गॅसबरोबर वर येणारा कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून समुद्रतळाखाली खडकात पुरायला लागले, कारण हवेत सोडला तर टॅक्स भरावा लागला असता.

जुनी_रिफायनरी:
मी पंधरा वर्षं रिफायनरीत काढलीत म्हणून एक गोष्ट सांगते जी अशा चर्चेत येतच नाही. पिंपातून एकटं पेट्रोल निघत नाही. गॅस, प्लास्टिकसाठी लागणारा नॅफ्था, पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल आणि तळाशी डांबर, सगळं एकाच वेळी निघतं, प्रमाण थोडंफार इकडचं तिकडे करता येतं पण मनासारखं नाही. गाड्या विजेवर गेल्या तरी विमानं, जहाजं आणि प्लास्टिकला तेल लागणारच, आणि मग उरलेलं पेट्रोल स्वस्त होऊन कुणीतरी दुसराच जाळेल. प्लास्टिकमधला कार्बन तर बनवताना जळतच नाही, त्यामुळे इंधनावरच्या टॅक्समध्ये तो धरलाच जात नाही. आणि हो, प्लांट बंद पडला की तिथला पन्नाशीतला फिटर काय करणार हा प्रश्न मला सोडत नाही, त्या लोकांबरोबर मी डबा खाल्लाय.

नदीकाठ:
ताई, हेच. शिवाय टॅक्स पडतो कुणावर ते बघा. फ्रान्समध्ये २०१८ ला टनामागे ४४.६० युरो होता, जानेवारीपासून ५५ होणार होता, आणि त्याच वर्षी श्रीमंतांचा संपत्तीकर काढून फक्त घर-जमिनीपुरता ठेवला. शहराबाहेर राहणारे, बस नाही ट्रेन नाही, रोज डिझेल जाळून कामाला जाणारे, ते पिवळी जाकिटं घालून चौकात उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. त्यांचं काय चुकलं?

दुर्बीण:
काहीच चुकलं नाही. पैसा सरकारी तिजोरीत गेला हे चुकलं. तो डोईप्रमाणे सारखा वाटून परत द्या, जो कमी जाळतो तो फायद्यात राहतो, आणि गरीब कमीच जाळतो.

नदीकाठ:
कॅनडाने हेच केलं ना! बहुतेक पैसा कुटुंबांना परत, दर तीन महिन्यांनी थेट खात्यात. तरी २०२५ च्या एप्रिलपासून पेट्रोलवरचा कार्बन टॅक्स गेला, आणि काढला कुणी तर नुकत्याच पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नीने, जो आधी कार्बनवर किंमत लावा म्हणून सांगत आलेला माणूस. पंपावरचा आकडा दर आठवड्याला डोळ्यात खुपतो, खात्यातले पैसे कशाचे ते कळतही नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी बस, ट्रेन, चार्जिंग द्या आणि तेलावरची सबसिडी काढा, टॅक्सचं नंतर बघू.

दुर्बीण:
सबसिडी काढणं म्हणजेसुद्धा भाव वाढवणंच की. नायजेरियाने जानेवारी २०१२ ला काढली, पेट्रोल ६५ नायरावरून थेट १४० च्या पुढे, देशभर संप झाला आणि निम्म्याहून जास्त वाढ मागे घ्यावी लागली. इक्वाडोरने २०१९ ला काढली आणि दोन आठवड्यांत परत आणली. तुमच्या रस्त्यावरही तेच लोक उभे आहेत.

जुनी_रिफायनरी:
इराणने २०१० मध्ये वेगळं केलं होतं. भाव वाढवायच्या आधीच लोकांच्या खात्यात पैसे टाकले, दिसायचे पण काढता यायचे नाहीत, आणि ज्या दिवशी भाव वाढले त्या दिवशी खाती खुली केली. त्या वेळी मोठा गोंधळ झाला नाही.

नदीकाठ:
हो, पण ती रक्कम तेवढीच राहिली आणि महागाईने काही वर्षांत खाऊन टाकली. २०१९ ला परत भाव वाढवले तेव्हा लोक रस्त्यावर आलेच आणि गोळीबारात कितीतरी मेले. दुर्बीण, टॅक्स जितका वाढेल तितका परतावा वाढलाच पाहिजे, आणि तो आधी हातात पडला पाहिजे, हे कायद्यातच लिहिलेलं असेल तर मी तुमच्या बाजूने हात वर करीन. तोवर नाही.

दुर्बीण:
आधी हातात द्यायचा तर पहिल्या वर्षीचा पैसा कर्ज काढून द्यावा लागेल. माझी तयारी आहे. पण जुनी_रिफायनरी ताई, तुमच्या फिटरचा वाटा त्यातूनच काढायचा की वेगळा?