ओटीपोटातील फुगलेल्या शिरा : गर्भपिशवी न काढता उपचार होऊ शकतो का?

सायली_सातारा :
माझी मोठी बहीण ३९ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या ओटीपोटात डावीकडे जडपणा आणि ओढल्यासारखी वेदना सुरू झाली. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ती वाढते, पाळीच्या आधी आणि शरीरसंबंधानंतर तर तासन्‌तास राहते, आणि आडवे झाल्यावर बरीच कमी होते. दुर्बिणीतून पोट तपासले, त्यात काही सापडले नाही. आता सोनोग्राफीच्या अहवालात डावीकडची ओव्हेरियन व्हेन (अंडाशयाची शीर) ८ मिमी असल्याचे लिहून आले आहे आणि गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आहे. शस्त्रक्रियेविना मार्ग आहे का?

डॉ_क्षकिरण :
सायलीताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. बहिणीला न तपासता लिहीत आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे. आपण वर्णन केलेली लक्षणे पेल्विक कंजेशनशी, म्हणजे ओटीपोटातील शिरा फुगून त्यांत रक्त साचण्याच्या विकाराशी, जुळतात. गरोदरपणात अंडाशयाच्या शिरांमधून कितीतरी पट अधिक रक्त वाहते, त्या ताणल्या जातात आणि काहींच्या झडपा नंतर नीट मिटत नाहीत, त्यामुळे उभे राहिल्यावर रक्त उलटे खाली उतरून गर्भाशयाभोवतीच्या शिरांत साचते. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून त्रास बहुधा डावीकडे अधिक असतो.

तरीही ८ मिमी या एका आकड्यावर निदान होत नाही. साधारणपणे ६ मिमीच्या पुढची शीर संशयास्पद मानतात, पण बाळंतपणे झालेल्या आणि काहीच न दुखणाऱ्या अनेक स्त्रियांतही अशी शीर दिसते. म्हणून योनीमार्गे डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावे, आणि पोटावर जोर द्यायला सांगून रक्त उलटे जाते का, हे पाहून घ्यावे. दुर्बिणीत काही न दिसण्याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण त्या वेळी रुग्ण डोके खाली करून झोपलेली असते आणि पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने शिरा चपट्या होतात. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे), ॲडिनोमायोसिस (तेच गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे) आणि मूत्राशयाचे विकार मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी तपासलेले असावेत.

निदान पक्के झाल्यास एम्बोलायझेशन, म्हणजे शीर आतून बंद करणे, हा पर्याय आहे. १९९३ पासून त्याचे वर्णन वैद्यकीय साहित्यात आढळते. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन आधी डाय (एक्स-रेमध्ये दिसणारे औषध) सोडून चित्र घेतात, आणि मग बिघडलेली शीर धातूच्या कॉइलने व फोमने बंद करतात. शरीराला रक्त परत नेण्यासाठी इतर वाटा असतात, त्यामुळे ही शीर बंद झाल्याने अडत नाही. बहुतेक रुग्णांना आराम पडतो, सर्वांना नाही. मोठ्या तुलनात्मक चाचण्या मात्र अजून थोड्याच झाल्या आहेत. कॉइल सरकणे, डायची ॲलर्जी, शिरेला सूज येणे असे धोके असतात, परंतु गंभीर गुंतागुंत क्वचितच होते.

मेघना_नागपूर :
माझी ही प्रक्रिया झाली आहे. मानेजवळ फक्त तेवढा भाग बधिर केला होता, मी जागी होते आणि संध्याकाळी घरी आले. पुढचे काही दिवस पोट ठणकत होते व थोडा तापही होता. ते अपेक्षित आहे, असे आधीच सांगितले होते. खरा फरक लगेच नव्हे, काही महिन्यांत हळूहळू जाणवला. त्याआधी कितीदा तरी "ताण घेऊ नका" एवढेच ऐकून परतले होते, म्हणून सांगते, बहिणीला दुखण्याची रोज नोंद करायला सांगा : केव्हा वाढते, केव्हा उतरते. डॉक्टरांपुढे त्याचा मला फार उपयोग झाला.

सायली_सातारा :
मनापासून आभार. गोळ्यांनी भागेल का? आणि कोणाकडे जावे?

डॉ_क्षकिरण :
मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांनी काहींचे दुखणे कमी होते, पण गोळ्या थांबवल्यावर ते परत येऊ शकते. वजनवाढीची तक्रारही होते. डायोस्मिन या शिरांवरच्या औषधाचा लाभ काहींना होतो. प्रक्रियेसाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला (चित्र पाहत नळीवाटे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) भेटावे, मोठ्या शहरांत ते उपलब्ध असतात. त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : डाव्या पायाकडून येणारी शीर धमनीखाली, किंवा मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांमध्ये, दाबली तर गेलेली नाही ना? तसे असेल तर केवळ कॉइल घालून भागत नाही. एमआर व्हेनोग्राफीत (शिरांच्या एमआरआय तपासणीत) हे बहुधा कळते. मात्र चित्रात नुसता दाब दिसला म्हणून कोणी लगेच स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) सुचवला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, कारण कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींतही असा दाब आढळतो.