अनुभव धागा : मुलीचं नाव 'लोपामुद्रा' ठेवायचंय?

विदर्भाच्या लेकी म्हटल्या की रुक्मिणी, दमयंती, इंदुमती. लोपामुद्राही इथलीच, पण गावात हे नाव क्वचितच कानी पडतं. अर्थ, उच्चार, कागदपत्रं, ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते लिहावं.

संस्कृत शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
दोन लोपामुद्रा वेगळ्या ठेवा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १७९वं सूक्त म्हणजे तिचा आणि अगस्त्याचा संवाद. 'वर्षानुवर्षं कष्टले, म्हातारपण रूप नेतं' असं ती नवऱ्याला तोंडावर सांगते. त्यात विदर्भाचं नावही नाही. ते येतं महाभारताच्या वनपर्वात: अगस्त्याने निरनिराळ्या प्राण्यांतलं उत्तम ते घेऊन मुलगी घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली. 'लोप'मुळे आजीबाई बिचकतात. पण परंपरेने लावलेला अर्थ असा, की तिच्यापुढे इतरांच्या मुद्रा, म्हणजे रूपखुणा, लोपल्या. लोप तिचा नाही. कौंडिण्यपूर मात्र तिच्या नावावर चढवू नका, ते रुक्मिणीचं माहेर.

पंचांग पाहणारे, वाशीम जिल्हा
'लो' हे भरणीच्या चौथ्या चरणाचं अक्षर, रास मेष. चरण साधारण सहा तासांचा, म्हणून दवाखान्यातली जन्मवेळ नीट लिहून घ्या. अक्षर जुळलं नाही तर पत्रिकेत नावरसनाव वेगळं ठेवतात, व्यवहारात लोपामुद्रा चालतं.

बारशाच्या बायका, अकोला जिल्हा
आत्याले नाव आधीच पाठ करून द्या. लो, पा, मु, द्रा. घाईघाईत 'लोपमुद्रा' होते, अन् मंग तेच पाळण्यावरच्या पाटीवर चढते. हाक मारासाठी लोपा नाईतर मुद्रा, एकच धरा. घरी एक अन् शाळेत दुसरं असलं की लेकरू गोंधळते.

ग्रामपंचायतीतला कारकून, अमरावती जिल्हा
खरी अडचण इथेच होते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, तेव्हा नाव नसलं तरी नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांत फी न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब फी भरून नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत. जन्म जिथे झाला तिथलंच दप्तर लागतं. बाळंतपण तालुक्याला झालं असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही.

प्रिंट हातात पडली की उठायच्या आधी 'द्रा' पाहा. द, हलन्त, र असं टाइप केलं तर 'मुद्रा'. र आधी पडला तर रफार चढतो आणि 'मुर्दा' उमटतं! नुसता हलन्त सुटला तर 'मुदरा'. नोंदवहीत चूक गेली तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. म्हणजे जुनं अक्षर तिथे राहतंच.

सेतू केंद्र चालवणारा, वर्धा जिल्हा
इंग्रजी स्पेलिंग: एल ओ पी ए एम यू डी आर ए. अंकशास्त्रासाठी जादा 'ए' घातला की तो जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि बँकेत सगळीकडे तसाच हवा. एका ठिकाणी सुटला तरी शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. आधी जन्मदाखला पक्का करा, मग त्यावरूनच बाल आधार काढा.