मागं डिस्क बसवून घाट सोपा होत नाही

वाईकर:
परवा एका भावाने 2003 च्या मारुती एस्टीमचे फोटो इथं टाकले. मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवलेत, खाली लिहिलंय "आता पसरणी घाट बिनधास्त, जुनी गाडीवाल्यांनी डोळे झाकून करून घ्या". मी दोन दिवस गप्प बसलो, पण खाली लोक मिस्त्रीचा नंबर मागायला लागलेत म्हणून लिहितोच.

ब्रेक मारला की वजन पुढं येतं, उताराला तर अजूनच, त्यामुळे निम्म्याहून जास्त काम पुढच्या डिस्कच करतात आणि पाचगणीहून पसरणी घाट उतरताना तापतात त्याच. मागचं बदलून त्या थंड कशा राहतील? दुसरं, मागच्या लाइनचं प्रेशर कंपनीने ड्रमच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. ड्रममधला शू (लायनर लावलेली पट्टी) चाकाबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो, डिस्कमध्ये तसं होत नाही, तिला प्रेशर जास्त लागतं. मग एक तर डिस्क शोभेला राहते, नाहीतर मिस्त्री मागचं प्रेशर कमी ठेवणारा व्हॉल्व्हच काढून टाकतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन शेपूट फिरतं. त्यात डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, पेडलकडून ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर जुनाच, म्हणजे पेडल खोल जाणार ते वेगळंच.

एस्टीमवाला:
तो भाऊ मीच. पुस्तकी ज्ञान छान आहे, पण जुलैत बामणोली रोडला गाडीत तुम्ही नव्हता, माझी बायको आणि सहा महिन्यांची पोरगी होती. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी, त्यातून बाहेर निघालो, पुढं म्हशी, ब्रेक मारला तर मागं काहीच नाही. ड्रममध्ये पाणी साचलेलं. म्हशीच्या अंगाला आरसा घासला तेव्हा गाडी थांबली. त्याच आठवड्यात एमआयडीसीत लेथवर ब्रॅकेट करून डिस्क बसवल्या आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

नटबोल्ट:
फोटोत हँडब्रेकची केबल कुठंच दिसत नाही. आमच्या मेव्हण्याने अशाच डिस्क बसवल्या, कॅलिपरला हँडब्रेकची सोय होती म्हणून आम्ही निर्धास्त. यवतेश्वर चढून गेलो, उताराला गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चहा प्यायला बसलो. पंधरा मिनिटांत गाडी हळूच मागं सरकायला लागली. तापलेली डिस्क गार झाली की आकसते आणि पॅडची पकड सैल होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मेव्हण्याने पळत जाऊन चाकाखाली दगड घातला, बोट चेचलं. तेव्हापासून आम्ही गिअरमध्ये टाकल्याशिवाय उताराला गाडी सोडत नाही.

कायदाप्रेमी:
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा सगळ्यांनी. कंपनीने दिलंय त्यात फेरफार केला की क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिलं हेच उकरतात.

आप्पा ड्रायव्हर:
पोरांनो, मी तीस वर्षं ट्रक चालवला, ड्रमवरच. ब्रेक फेल होतात कारण तुम्ही न्यूट्रल टाकून उतरता. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकला फारसं काम राहत नाही. परवाच पसरणीत एक जण माझ्या पुढं, दिवे सतत लाल, लायनरचा जळका वास माझ्या केबिनपर्यंत.

कराडचा:
आप्पा, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं, आमच्या वडिलांनी आयुष्यभर तसंच केलं, काही झालं नाही.

वाईकर:
वडिलांची गाडी कार्बोरेटरची असेल. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरची गाडी गिअरमध्ये, पाय काढून उतरताना इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे वाचवतोय समजून जाळताय.

कराडचा:
मग मी इंजिनच बंद करतो.

आप्पा ड्रायव्हर:
अरे देवा. इंजिन बंद केलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबात संपतो, मग पेडल दगडासारखं. पाच रुपयांच्या पेट्रोलसाठी घरच्यांना दरीत नेणार का? कोणाचं पोरगं न्यूट्रलवर उतरताना दिसलं तर मी गाडी आडवी घालतो, सांगून ठेवतो.

कराडचा:
बरं, इंजिन बंद नाही करणार. न्यूट्रलचं बघू.

वाईकर:
एस्टीमवाले, पाण्याचा मुद्दा मान्य. ओला ड्रम धरत नाही, मला पण आलाय अनुभव. पाण्यातून निघाल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं चालवलं की सुकतो, पण म्हशी तेवढा वेळ देत नाहीत हेही खरं. आता ब्रेक ऑइल कधी बदललं ते सांगा. डॉट 3 ग्रेडचं ऑइल नवं असताना 205 अंशाला उकळतं, हवेतलं पाणी शोषलेलं 140 ला. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल नुसतंच खाली जातं. घाटात ब्रेक असेही फेल होतात.

एस्टीमवाला:
गाडी घेतल्यापासून नाही बदललं. चार वर्षं.

वाईकर:
मग डिस्कवर पैसे घालून मूळ दुखणं तसंच ठेवलं ना राव!

एस्टीमवाला:
ऑइल उद्याच बदलतो. डिस्क काढणार नाही. व्हॉल्व्ह मिस्त्रीने ठेवला की काढला ते मात्र मला माहीत नाही, विचारतो.

नटबोल्ट:
विचारू नका, बघा. पहाटे मोकळ्या मैदानात, ओल्या मातीवर, 30 च्या स्पीडला जोरात ब्रेक मारा, बाहेर कोणीतरी उभं करा. मागचं चाक आधी लॉक झालं तर घाटात नेऊ नका.

एस्टीमवाला:
वाईकर, रविवारी सहाला येता का उभं राहायला?

वाईकर:
येतो. पोरीला आणू नका त्या दिवशी.