गाडीला सिमकार्ड कशाला पाहिजे?

होटगीरोडकर
घरात ईव्ही घ्यायचं चाललंय आणि मी विरोधात नाहीये, आधीच सांगून ठेवतो म्हणजे पेट्रोलवाले माझ्या बाजूनं उड्या मारत येणार नाहीत. घरी चार्जिंग होतं, तुळजापूर अक्कलकोट पंढरपूर आरामात जाऊन येऊन होतं, खर्च कमी, आवाज नाही. माझं भांडण फक्त गाडीतल्या इंटरनेटशी आहे. हल्ली शोरूममध्ये बॅटरीपेक्षा अॅपचंच कौतुक जास्त ऐकवतात, गाडीत सिम आहे, घरात बसून एसी लावा, दरवाजे लॉक करा, गाडी कुठं उभी आहे बघा, कोण किती स्पीडनं चालवालाय ते पण बघा. छान आहे की. पण लांबून दिलेला हुकूम गाडी ऐकत असेल तर हुकूम देणारा कायम मीच असणार याची गॅरंटी कोण देणार?

हे हवेतलं नाही. २०१६ मध्ये निसान लीफ या ईव्हीच्या अॅपला समोरचा मालक आहे की नाही याची पर्वाच नव्हती, गाडीचा चेसिस नंबर कळला की काम झालं, आणि तो नंबर पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येतो. ट्रॉय हंट नावाच्या सिक्युरिटीवाल्यानं ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या मित्राच्या लीफचा हीटर चालू करून दाखवला, केलेल्या प्रवासाच्या नोंदी पण दिसत होत्या. शेवटी निसानला ती सेवाच काही काळ बंद ठेवावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा सिक्युरिटीवाल्यांनी हायवेवर पळणारी जीप चेरोकी घरातल्या लॅपटॉपवरून मंदावली, आत पत्रकार बसलेला, एक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी वेग घेईना.

मला अशी ईव्ही पाहिजे जिच्यात इंटरनेट तोडायचं खरंखुरं बटण असेल, स्क्रीनवरचं नाही. कुणाला मिळालीय का?

चव्वेचाळीस डिग्री
मालक, जीप चेरोकी ईव्ही नव्हती, इंजिनवाली होती. म्हणजे तुमचं अर्धं भांडण ईव्हीशी नाहीच, आज सिम पेट्रोल डिझेलच्या गाड्यांत पण येतंय.

आणि जीपची गोष्ट सांगताय तर पूर्ण सांगा. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी रिकॉल कराव्या लागल्या आणि मालकांना पोस्टानं पेनड्राइव्ह पाठवले, घ्या तुमचं तुम्ही अपडेट करा म्हणून. किती जणांनी तो लावला असेल आणि कितींनी ड्रॉवरमध्ये टाकला असेल याचा विचार करा. २०१६ ला चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या कीन लॅबनं टेस्ला मॉडेल एस लांबून फोडली, म्हणजे हॅक केली, ब्रेक लावून दाखवला, आणि टेस्लानं साधारण दहा दिवसांत गाड्यांना इंटरनेटवरूनच अपडेट पाठवून भोक बुजवलं, कुणाला सर्व्हिस सेंटरला जावं लागलं नाही. तुमच्या त्या बटणानं इंटरनेट तोडलं तर हे अपडेट कुठून येणार, बंद गाडीत जुनं भोक तसंच राहणार की.

दुसरं, तुम्ही सोलापूरचेच ना? मे महिन्यात दुपारी दोनला नवी पेठेत उन्हात लावलेल्या गाडीत बसून दाखवा. दुकानातून निघायच्या आधी फोनवरून एसी लावता येतो ही माझ्यासाठी चैन नाही, घरात लहान पोरगं आहे.

कडक भाकरी
नवी पेठेत पार्किंग मिळालं हेच आधी सिद्ध करा, एसीचं नंतर बघू 😂

पॅनेलवायरिंग
मी एमआयडीसीत पॅनेलचं काम करतो, गाड्यांचं नाही, पण कम्युनिकेशन वायरिंगशी रोजचा संबंध आहे म्हणून बोलतो. गाडीच्या आत सगळे कंट्रोलर कॅन नावाच्या लाइनवर बोलतात, बॉशनं १९८६ ला आणली ती. त्या काळात गाडीला बाहेरून कुणी फोन करेल असं कुणाच्या डोक्यात पण नव्हतं, त्यामुळं लाइनवर मेसेज आला की तो कुणी पाठवला हे तपासायची मूळ सोयच नाही, ब्रेकनं विचारलं नाही आणि स्टेअरिंगनंही विचारलं नाही. आता मध्ये गेटवे घालतात, म्हणजे स्क्रीन आणि सिमचा भाग एकीकडं आणि ब्रेक मोटर बॅटरीचा भाग दुसरीकडं. ज्यानं गेटवे नीट केला त्याची गाडी फोडायला हुशार माणसांना पण महिनोन्महिने लागतात. म्हणून उद्या कुणीतरी सात रस्त्यावर तुमची गाडी हॅक करून पळवेल ही भीती मी तरी सोडून देईन.

पण होटगीरोडकर अण्णांचा मूळ प्रश्न चुकीचा नाही, फक्त ते गाडीकडं बघालेत आणि भोक दुसरीकडंच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत सॅम करी नावाच्या सिक्युरिटीवाल्यानं आणि त्याच्या मित्रांनी दाखवलं की कियाच्या गाडीची नुसती नंबरप्लेट कळली तरी लॉक उघडता येतं, गाडी स्टार्ट करता येते, कुठं आहे ते कळतं. त्यांनी गाडीला हात पण लावला नव्हता, डीलर लोकांसाठी जी वेबसाइट असते तिथून ते आत शिरले. कियानं ते दुरुस्त केलं, पण मुद्दा बघा. घराचं कुलूप कितीही भारी घ्या, किल्ल्यांचा जुडगा बिल्डरच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेला. एक गाडी फोडून एक गाडी मिळते, कंपनीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या गाड्या जोडलेला मुख्य कॉम्प्युटर, फोडला तर सगळ्या.

जुळे सोलापूरची अक्का
पॅनेलवायरिंग बरोबर बोलले, पण चोर शिरला तरच धोका असं धरून का चाललोय सगळे? डिसेंबर २०२४ ला जर्मनीत बाहेर आलं की फोक्सवॅगन ग्रुपच्या साधारण ८ लाख ईव्हींचा डेटा क्लाउडवर उघडा पडला होता, त्यातल्या साडेचार लाखाच्या वर गाड्या कुठं उभ्या होत्या हे अगदी नेमकं कळत होतं, पोलिसांच्या आणि पुढाऱ्यांच्या गाड्या पण त्यात. केऑस कॉम्प्युटर क्लब म्हणून तिथली हॅकर मंडळी आहेत त्यांनी कंपनीला कळवलं. माझा प्रश्न वेगळाय, हा डेटा साठवलाच कशाला? गाडी रोज रात्री कुठल्या दारात असते हे कंपनीला माहीत असायची गरज काय? अमेरिकेत जनरल मोटर्सनं तर ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती फिरला ही माहिती विकली आणि ती फिरत फिरत इन्शुरन्सवाल्यांकडं गेली, लोकांचे प्रीमियम वाढले, मग तिथल्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं जानेवारी २०२५ ला कारवाई केली.

आणि आता घरातलं बोलते, राग मानू नका. आपल्याकडं गाडी सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते, अॅप त्यांच्या फोनमध्ये असतं, चालवते सून. ती माहेरी किती वेळ थांबली, मैत्रिणीकडं गेली की दवाखान्यात, सगळं सोफ्यावर बसून दिसतं. जवळच्या ओळखीत असं चाललेलं बघितलंय. तिला कंपनीनं विचारलं का की बाई तुझी परवानगी आहे का? परवानगी मालकाची घेतली, माग चालवणारीचा निघाला. याला हॅकर लागत नाही.

चव्वेचाळीस डिग्री
अक्का तुमचा मुद्दा मान्य पण तो घरातला प्रॉब्लेम आहे, गाडीचा नाही, फोनवरून पण लोकेशन बघतातच की लोक. आणि उलटी बाजू पण बघा, पोरगं रात्री पुण्याहून निघालं की आई टेंभुर्णी गेलं का मोहोळ गेलं का विचारत फोन करत राहते आणि तो चालवत चालवत उचलतो, त्यापेक्षा अॅपवर बघितलेलं काय वाईट?

जुळे सोलापूरची अक्का
फोनवरचं लोकेशन पोरगं बंद करू शकतं. गाडीतलं करू शकतं का? तेवढं सांगा.

मंद्रूपचा शेतकरी
तुमची चर्चा मोठ्या गाड्यांची चाललीय, जरा ई-रिक्षावाल्यांना विचारा. फायनान्सवर घेतलेल्या बऱ्याच रिक्षांमध्ये लांबून बंद करायची सोय असते, हप्ता थकला की दुसऱ्या दिवशी सकाळी चालूच होत नाही. तिथं हॅकर बिकर काही नाही, करारात सही घेतलेली असते, इंग्रजीत.

पार्क चौक फायनान्स
शेतकरी दादा, मी त्याच धंद्यात आहे, ऐकून घ्या. ज्याच्याकडं सॅलरी स्लिप नाही, सातबारा नाही, जामीनदार नाही, त्याला पूर्वी कुणी दारात उभं करत नव्हतं. आज त्याला रिक्षा मिळते ती त्या लॉकच्या भरवशावर. पूर्वी वसुलीला माणसं पाठवायचे, रस्त्यात अडवून गाडी ओढून न्यायचे, ते चांगलं होतं का? बंद करायच्या आधी मेसेज जातो, फोन जातो.

होटगीरोडकर
मेसेज जातो हे खरं, पण प्यासेंजर आत बसलेला असताना बंद होत नाही ना याची जबाबदारी कुणाची, आणि हप्ता भरल्यावर चालू किती वेळात करता? धंदा सकाळचा असतो.

बाकीच्यांना एकत्रच उत्तर देतो. अपडेटचा मुद्दा मी मानतो, पण अपडेट वर्षातनं दोन चार वेळा येतं, सिम चोवीस तास कशाला बोलत बसतं? घरच्या वायफायला जोडून मी म्हणेन तेव्हा घेऊ दे. नॉर्वेचं उदाहरण मला सगळ्यात पटलं. ऑस्लोच्या रूटर या सरकारी वाहतूक कंपनीनं २०२५ मध्ये चिनी युटाँगची इलेक्ट्रिक बस डोंगराच्या पोटातल्या खाणीत नेऊन तपासली, बाहेरचा सिग्नल येऊ नये म्हणून. युटाँगला अपडेटसाठी बसपर्यंत लांबून पोचता येतं हे निघालं, म्हणजे मनात आणलं तर निदान कागदावर तरी बस थांबवता येते. बसमध्ये रोमानियाचं सिम होतं आणि ते काढलं की संबंध तुटतो, बस आपली चालते. बघा, सिम काढता येणारी गाडी बनू शकते. आणि हे फक्त चिनी कंपन्यांपुरतं आहे असं कृपया म्हणू नका, वर फोक्सवॅगन आणि जनरल मोटर्सची नावं आलीच आहेत.

अजून एक. अमेरिकेत फिस्कर कंपनी जून २०२४ ला दिवाळखोरीत गेली, ओशन नावाची ईव्ही विकत होती. गाड्या लोकांच्या दारात आणि क्लाउड, अॅप, अपडेट सगळं टांगणीला. जुनी बजाज चेतक स्कूटर कंपनीनं बंद केली तरी सोलापुरात पुढं कितीतरी वर्षं चालली, मेकॅनिक होता म्हणून. इथं मेकॅनिकच सर्व्हरवर बसलाय.

पॅनेलवायरिंग
युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला आर १५५ हा सायबर सिक्युरिटीचा नियम लागू आहे, त्याशिवाय गाडी विकता येत नाही. आपल्याकडं त्याच धर्तीवर एआयएस १८९ आणि अपडेटसाठी एआयएस १९० ही मानकं काढलीत, वैयक्तिक डेटाचा कायदा पण २०२३ ला झालाय. पण यातलं काहीच तुम्हाला बटण देत नाही, गाडी सुरक्षित बनवा एवढंच कंपनीला सांगतं.

कडक भाकरी
चार्जरबद्दल कुणीच बोललं नाही. २०२२ मध्ये रशियात मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग हायवेवरचे चार्जर हॅक होऊन स्क्रीनवर पुतिनला शिव्या आल्या होत्या, सुटे भाग युक्रेनच्या कंपनीचे होते. आपल्याला काही टेन्शन नाही, हॅक व्हायला आधी चार्जर चालू असायला पाहिजे.

चव्वेचाळीस डिग्री
😂 हे मात्र सगळ्यांना मान्य.

सेकंडहँड मार्केट
उशिरा आलो, पण रोजचं एक सांगतो. जुन्या ईव्ही आता पुण्याहून यायला लागल्यात. मागच्या वर्षी एक घेतली, आरसी नावावर झाली, इन्शुरन्स झाला, आणि एका रात्री दारात उभी असताना गाडी आपोआप लाइट मारून लॉक अनलॉक व्हायला लागली. जुन्या मालकाच्या पोरानं अॅप काढलंच नव्हतं, चाळा करत बसलेला. कंपनीनं आरसी, जुन्या मालकाचं पत्र, आधार सगळं मागितलं आणि मग कुठं नाव बदललं, तोवर तो माणूस घरबसल्या माझी गाडी बघतोय. आयबीएम कंपनीचा सिक्युरिटीवाला चार्ल्स हेंडरसन २०१७ मध्ये हेच ओरडून सांगत होता, स्वतःची गाडी विकून वर्षं झाली तरी अॅपवर ती त्याला दिसतच होती.

चव्वेचाळीस डिग्री
ते विकणाऱ्याचं काम आहे हो, अॅपमधून गाडी काढून टाकायला एक मिनिट लागतं. त्यासाठी सगळ्यांचं सिम कशाला काढायचं?

सेकंडहँड मार्केट
विकणारा एक्स्चेंजमध्ये गाडी देतो आणि नव्या गाडीच्या पेढ्यात रमतो, त्याला कुठलं आठवतंय. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरतोच आपण, त्यात एक रकाना वाढवा, अॅप जोडणी काढली होय / नाही. तोवर मी गिऱ्हाइकाला गाडी देताना कंपनीचा ईमेल आल्याशिवाय पूर्ण पेमेंट सोडत नाही.

जुळे सोलापूरची अक्का
रकाना चालेल, पण त्यात चालवणारीचं नाव पण घ्या. आणि होटगीरोडकर, बटणवाली सापडली तर मॉडेल इथं टाका, मी पण बघालेय.